माझा लॅपटॉप हॉस्टेलच्या नेटवरून काढला तेव्हा

रविवारी रात्री साडेदहा. सोमवारी सकाळपर्यंत मिनी प्रोजेक्टचा रिपोर्ट अपलोड करायचा, आणि वायफायचं लॉगिन पान उघडलं की एकच ओळ: डिव्हाइस ब्लॉक आहे, कॉम्प्युटर सेंटरला भेटा. मला वाटलं, फीचं काहीतरी राहिलं असेल. रूममेट निपाणीचा, त्याचं नेट मस्त चालू. "काय करूलास रे, झोप की आता," म्हणाला. रिपोर्ट शेवटी त्याच्याच हॉटस्पॉटवरून गेला.

सोमवारी कॉम्प्युटर सेंटर गाठलं. तिथले सर कन्नड. मी खानापूरकडचा, कन्नड समजतं, बोलायची वेळ आली की अडखळतो. त्यांचं मराठी तसंच. मग थोडं हे, थोडं ते, मध्ये इंग्रजी. त्यांनी स्क्रीनच माझ्याकडे वळवली. फायरवॉलच्या, म्हणजे नेटवर्कवरच्या पहारेकऱ्याच्या, लॉगमध्ये माझा यूएसएन (विद्यापीठाचा सीट नंबर), आणि वेळ पहाटे दोनची. मी लॅपटॉप डाउनलोडला लावून झोपलो होतो. तो मात्र हॉस्टेलमधल्या एकेका मशीनचं ४४५ नंबरचं पोर्ट, म्हणजे आत शिरायचं दार, ठोठावत सुटला होता. ओळीमागून ओळ तीच, फक्त आयपीचा (मशीनच्या नेटवर्कवरच्या पत्त्याचा) शेवटचा आकडा पुढे सरकतोय: २१, २२, २३.

"हे विंडोजच्या फाइल शेअरिंगचं पोर्ट," सर म्हणाले. "२०१७ च्या मे महिन्यात फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय ह्याच वाटेनं पसरला. ती वाट बुजवणारा पॅच मार्चमध्येच आला होता. तू अपडेट कधी केलंस?"

अपडेट मी बंदच करून ठेवलं होतं. गावी मोबाइल डेटावर चालवायचो, डेटा संपतो म्हणून. त्यात महिन्याभरापूर्वी एका मित्राच्या पेनड्राइव्हवरून मॅटलॅबचं (गणिती आकडेमोडीचं विकतचं सॉफ्टवेअर) चोरटं क्रॅक टाकलेलं. त्याच्या सूचनांत पहिलीच ओळ होती, आधी अँटिव्हायरस बंद करा. मी केला. चोरानं कुत्रं बांधून ठेवायला सांगावं आणि आपण बांधावं, तसलंच की हे.

सर एवढ्यावर थांबले नाहीत. "तुझ्या लॉगिनवर चार डिव्हाइस दिसतात. चौथं कुणाचं?" एका ज्युनियरला पासवर्ड दिला होता, त्याचं रजिस्ट्रेशन अडकलं होतं म्हणून. "लॉग आम्ही १८० दिवस ठेवतो. त्यानं काही उद्योग केला तर नाव तुझं निघेल, त्याचं नाही." पासवर्ड तिथंच बदलायला लावला. तो ज्युनियर पुढे चार दिवस माझ्याशी बोलला नाही. मीही गेलो नाही समजवायला.

मग अर्ज. यूएसएन, रूम नंबर, मॅक ॲड्रेस (डिव्हाइसच्या नेटवर्क कार्डाचा ओळख नंबर), आणि खाली अंडरटेकिंग: लॉगिन दुसऱ्याला देणार नाही, पायरेटेड सॉफ्टवेअर वापरणार नाही, आणि आयटी ॲक्ट २००० च्या कलम ४३ चा उल्लेख. पहिल्या वर्षी हाच कागद न वाचता सही करून दिला होता, हे तेव्हा आठवलं. मॅक ॲड्रेस लिहिताना माझा ६ इंग्रजी जी-सारखा झाला. काउंटरवरच्या मॅडमनी अर्ज परत केला. "जी कुठून आणलास? ह्यात ए ते एफ एवढीच अक्षरं असतात." नवा फॉर्म. मग वॉर्डनची सही. वॉर्डन बुधवारी भेटले.

फॉर्मॅट मीच केला, सरांच्या बूट पेनड्राइव्हनं. त्याआधी प्रोजेक्टच्या फाइल काढून घेतल्या. डॉक्युमेंट आणि फोटो घ्यायचे, इएक्सई, म्हणजे प्रोग्रॅमची फाइल, एकही नाही, असं बजावलं होतं. कॉपी झालेलं सगळं त्यांच्या मशीनवर स्कॅन केलं. एक फोल्डर खरं तर शॉर्टकट निघालं, मूळ फोल्डर आत लपवलेलं. वाईट वाटलं ते गेम सेव्हचं, ती राहिलीच. मग अपडेट, विंडोजचाच डिफेंडर चालू, आणि मॅटलॅबच्या जागी ऑक्टेव्ह. फुकट आहे, आणि आमच्या लॅबच्या बऱ्याचशा प्रोग्रॅमला पुरतं. ग्राफ थोडे बेढब येतात.

गुरुवारी संध्याकाळी लॅपटॉपला नेट आलं. फोनला आलं नाही. फोन वायफायला खरा मॅक ॲड्रेस न सांगता भलताच सांगतो, अन् मी अर्जात सेटिंगमध्ये दिसणारा खरा लिहिला होता. शुक्रवारी पुन्हा काउंटरवर. मॅडमनी चेहरा ओळखला आणि न विचारताच वायफायच्या सेटिंगमध्ये 'डिव्हाइस मॅक' कुठं निवडायचं ते दाखवलं.