पायथ्याचा पाझर

कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्राच्या प्रयोगशाळेत मी रसायनतज्ज्ञ आहे. सलग तीन दिवस पाऊस झाल्यावर चौथ्या दिवशी सकाळी साडेसहा वाजता मी राखेच्या तळ्याच्या बंधाऱ्यावर फेरीला गेलो, तेव्हा पायथ्याच्या गवतात तळहाताएवढ्या जागेतून पाणी बुडबुडत वर येताना दिसले. मातीच्या बंधाऱ्याला थोडा पाझर असतोच आणि तो नितळ असेल तर कोणी घाबरत नाही. मी काचेच्या बाटलीत पाणी भरून उजेडासमोर धरले. ते गढूळ होते. गाळ बोटांवर चोळून पाहिला. आमची राख करडी आहे आणि हा गाळ तांबूस होता, म्हणजे वाहून येत होती ती बंधाऱ्याच्या पोटातलीच माती. अशी माती आतून निघत गेली की बंधाऱ्यात पोकळी तयार होते, आणि ती तळ्यापर्यंत पोहोचली की हाती फारसा वेळ उरत नाही.

आमच्या ५०० मेगावॅटच्या एका संचाला पूर्ण भारावर दिवसाला सात ते आठ हजार टन कोळसा लागतो आणि त्यातला सुमारे एक तृतीयांश भाग राख होऊन उरतो. सिमेंट आणि विटांसाठी जेवढी उचलली जाते तेवढी जाते. बाकीची पाण्यात कालवून, म्हणजे स्लरी करून, पाइपातून तळ्याच्या वेगवेगळ्या कप्प्यांत सोडली जाते. चिमणीतून जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचे वजन याहून कितीतरी जास्त असते, कारण १२ किलो कार्बन हवेतला ३२ किलो ऑक्सिजन घेऊन ४४ किलो वायू होतो. पण तो डोळ्यांना दिसत नाही आणि त्याला बंधाराही घालता येत नाही. राख मात्र समोर साचत राहते. कोट्यवधी वर्षे कोळशात बंदिस्त असलेली आर्सेनिक, सेलेनियम, बोरॉन यांसारखी मूलद्रव्ये कार्बन जळून गेल्यावर तिच्यात एकवटतात, आणि पाणी लागले की त्यांतली काही विरघळू लागतात.

मी नियंत्रण कक्षाला फोन केला आणि पाझर दिसलेल्या कप्प्यात स्लरी सोडणे ताबडतोब थांबवण्याची विनंती केली. शेजारच्या कप्प्याची पाइपलाइन दुरुस्तीत होती, त्यामुळे स्लरी थांबवणे म्हणजे संचाचा भार निम्म्यावर आणणे होते. शिफ्ट इंचार्ज म्हणाले, "साहेब, एका बाटलीवरून भार उतरवायचा?" त्यांचा प्रश्न मला अवाजवी वाटला नाही, वीज कधी किती द्यायची ते आधी ठरलेले असते आणि जबाबदारी त्यांच्यावर होती. मी त्यांना अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातील किंग्स्टन वीजकेंद्राची आठवण दिली. २२ डिसेंबर २००८ च्या मध्यरात्रीनंतर तिथला राखेचा बंधारा फुटला आणि ४० लाख घनमीटरांहून अधिक ओली राख नदीत आणि घरांवर गेली. दहा मिनिटांत ते स्वतः बंधाऱ्यावर आले, त्यांनी बाटली हातात घेतली आणि तिथूनच भार कमी करण्याचा आदेश दिला.

पाझर दिसला की तिथे माती टाकून तो बुजवावा असे कोणालाही वाटते, पण तसे केले तर पाणी दुसरीकडून वाट काढते. स्थापत्य विभागाच्या अभियंत्यांनी त्या जागेवर आधी बारीक वाळू, मग जाड वाळू आणि वर खडी असे थर घातले, म्हणजे पाणी बाहेर येत राहील पण माती आतच अडेल. एकीकडे तळ्यातले वरचे पाणी पंपाने पुनर्वापराच्या टाकीत उपसणे चालू झाले. दर अर्ध्या तासाने मी एक बाटली भरून ओळीत ठेवत होतो. अकराव्या बाटलीपर्यंत फरक दिसेना. बारावी किंचित उजळ होती आणि सोळावी नितळ.

दुपारनंतर मी भूजलाच्या नोंदवह्या काढल्या. राखेतला बोरॉन पाण्यात सहज विरघळतो आणि माती त्याला फारसे धरून ठेवत नाही, म्हणून तळे पाझरू लागले की आसपासच्या पाण्यात बहुधा तोच सर्वांत आधी पोहोचतो. पाझराच्या सर्वांत जवळच्या निरीक्षण विहिरीत तो चार महिन्यांपासून दर महिन्याला वाढत होता. प्रत्येक आकडा मर्यादेच्या आत होता, प्रत्येकापुढे माझी सही होती, आणि चारही आकडे एकाखाली एक मांडून मी कधी पाहिले नव्हते. हे मी त्याच संध्याकाळी लेखी कळवले, आणि त्या विहिरीच्या दिशेला असलेल्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरींचे नमुने दुसऱ्या दिवसापासूनच घ्यावेत अशी मागणी केली. ती मान्य झाली.

रात्री अकरा वाजता शेजारच्या कप्प्याची पाइपलाइन जोडून झाली. संचाने पुन्हा पूर्ण भार घेतला आणि स्लरी तिकडे पडू लागली.