पुढचा टायर करवती का झाला: २१,४०० ते २७,९०० किमीची नोंदवही

२१,४०० किमी

मोटरसायकलची चेन साफ करायला बसलो होतो. सहज पुढच्या टायरवरून हात फिरवला आणि काम तिथेच थांबलं. चाक फिरतं त्या दिशेने हात नेला तर सगळं गुळगुळीत. उलट दिशेने नेला की नक्षीतल्या प्रत्येक ब्लॉकची (रबराच्या ठोकळ्याची) कड बोटांना अडकते, थेट करवतीसारखी. गेले दोन महिने वळणात गाडी कलली की खालून घूंऽऽ असा आवाज यायचा. तो मी बेअरिंगच्या नावावर खपवला होता. बेअरिंग बिचारं निर्दोष होतं.

टायर १०० बाय ८०-१७, ट्यूबलेस, ९,००० किमी चाललेला. खोलीमापक काढून नक्षीची खोली तीन ठिकाणी मोजली: मध्य ३.१ मिमी, डावीकडे ३.४, उजवीकडे २.६. शिवाय उजवीकडच्या एकाच ब्लॉकच्या दोन कडांमध्ये ०.९ मिमीचा फरक. म्हणजे एकाच टायरवर दोन वेगळ्या तक्रारी: एक बाजू जास्त खाल्लेली, आणि ब्लॉक तिरके घासलेले. मी त्या दिवशी दोन्ही एकच समजलो, आणि पुढचे दीड हजार किलोमीटर त्यातच गेले.

मोजताना एकाच जागी मोजून सोडून देऊ नका. मी व्हॉल्व्हपासून सुरुवात करून चाकाच्या चार ठिकाणी मोजतो. चारही ठिकाणी झीज सारखीच तिरकी असेल तर तो करवतीपणा. काही ठिकाणी खड्डा आणि काही ठिकाणी उंचवटा अशी लाट दिसली तर ते कपिंग. तिथे संशय आधी बॅलन्सिंग, रिमचा आऊट (फिरताना रिम डोलणं) आणि थकलेले शॉकअप यांच्यावर घ्यायचा. एकाच जागी टक्कल पडलं असेल तर बहुतेक कधीतरी करकचून ब्रेक दाबून चाक लॉक केलेलं असतं, आणि ते आपल्याला आठवतही असतं. माझ्याकडे चारही ठिकाणी सारखंच होतं.

२१,४५० किमी

उजवी बाजू डोक्यातून जाईना. गाडी कधी पडली होती का, फोर्क वाकलाय का, चौकट तिरकी आहे का, रात्रभर हेच. सकाळी दोरी काढली.

पद्धत जुनीच. गाडी सरळ उभी करायची, मागच्या टायरच्या मागून दोरी गुंडाळून दोन्ही टोकं पुढे न्यायची आणि मागच्या टायरच्या पुढच्या कडांना जेमतेम टेकतील एवढीच ताणायची. पुढचा टायर अरुंद असल्याने दोन्ही बाजूंना फट राहते, ती सारखी हवी. काही गाड्यांत दोन चाकं मुळातच थोडी सरकवलेली असतात, तेव्हा आधी आपल्या गाडीचं मॅन्युअल पाहा. माझी फट डावीकडे १७ मिमी, उजवीकडे ११.

सापडला चोर, असं वाटलं. स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) खुणा दोन्हीकडे अगदी एकाच रेघेवर होत्या, पण स्विंगआर्मच्या बोल्टपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत पट्टीने मोजलं तर दोन बाजूंत थोडा फरक. त्या खुणा ठोकणाऱ्याचं लक्ष त्या दिवशी दुसरीकडे असावं. मागच्या स्प्रॉकेटच्या दातांची एक बाजू चकचकीत झाली होती, म्हणजे चेनही तिरकी ओढली जात होती. अ‍ॅक्सल सरळ केला, फट दोन्हीकडे १४ झाली, चेनचा आवाज कमी झाला. आता खुणांकडे बघतही नाही, पट्टीच लावतो.

२२,९०० किमी

जवळपास दीड हजार किलोमीटरनंतर पुन्हा माप: मध्य २.७, डावी ३.१, उजवी २.२. डाव्या-उजव्यातली दरी बुजायच्या ऐवजी ०.८ वरून ०.९ झाली. आणि करवत होती तशीच, उलट थोडी जास्तच धारदार.

तेव्हा कुठे शांत बसून उजव्या बाजूचा हिशेब मांडला, जो आधीच मांडायला हवा होता. वाहतूक डावीकडून चालते तिथे उजवं वळण नेहमी मोठ्या त्रिज्येचं असतं, कारण आपण वळणाच्या बाहेरच्या लेनमध्ये असतो. दोन लेनच्या मध्यांमध्ये साडेतीन मीटर धरले तर काटकोनी उजवं वळण तेवढ्याच डाव्या वळणापेक्षा साधारण साडेपाच मीटर लांब पडतं. प्रत्येक वळणाला. वर ते वळण जास्त मोकळं असल्याने वेगही जास्त ठेवला जातो.

दुसरं कारण रस्त्याचा उतार. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, साधारण अडीच टक्के. गाडी आपण उभी धरतो, रस्ता मात्र डावीकडे कललेला. मग टायर मध्यावर न टेकता किंचित उजवीकडे टेकतो. माझ्या टायरच्या गोलाईला ते एक-दीड मिलिमीटर भरतं. ऐकायला काहीच नाही, पण सरळ रस्त्यावरचं प्रत्येक किलोमीटर त्या दीड मिलिमीटरने उजवीकडे झुकलेलं असतं. वाहतूक उजवीकडून चालते तिथे हेच सगळं उलटं होतं आणि डावी बाजू आधी जाते. या दोनपैकी कोणाचा वाटा मोठा यावर टायरवेडे लोक हमरीतुमरीवर येतात. मी वळणांच्या बाजूने आहे, कारण माझा रोजचा रस्ता वळणांचा आहे. ज्याचा रस्ता सरळ, तो उताराच्या बाजूने असणार.

थोडक्यात, ज्या आजारासाठी मी दोरी घेऊन गुडघे खरचटून घेतले तो आजार नव्हताच. गाडी एका बाजूला ओढत असेल, हँडल सरळ धरायला जोर लावावा लागत असेल, किंवा एकाच बाजूला जड बॅग लटकवून महिनोन्महिने फिरत असाल, तर गोष्ट वेगळी. बॅगेचं वजन सावरायला गाडी सतत थोडी कलती धरली जाते आणि टायर ते सगळं नोंदवून ठेवतो. माझ्याकडे यातलं काही नव्हतं.

२३,१०० किमी

आता करवत. हे प्रकरण समजायला मला खोडरबराने मदत केली. खोडरबर कागदावर दाबून पुढे ढकला: पुढची कड कागदात रुतते आणि तीच आधी झिजते. ब्रेक लावल्यावर पुढच्या टायरच्या प्रत्येक ब्लॉकचं हेच होतं. गाडी पुढे जायला बघते, रस्ता ब्लॉकला मागे धरतो, ब्लॉक वाकतो आणि त्याची जी कड सर्वांत शेवटी रस्त्याला लागते तिच्यावर भार येतो. पुढे रस्ता सोडताना तो झटक्याने सरळ होतो आणि जाता जाता जरासा घसरतो. ही घसरण म्हणजेच झीज. मागच्या टायरला इंजिन ढकलतं, म्हणून तिथे उलट कड जास्त जाते. पुष्कळ टायरांवर पुढची नक्षी मागच्याच्या उलट दिशेला असते ती याच कारणाने, आणि म्हणूनच बाजूवरच्या बाणाकडे न बघता टायर चढवणं महागात पडतं.

तेव्हा थोडी करवत प्रत्येक पुढच्या टायरवर येणारच, विशेषतः माझ्यासारखा माणूस नव्वद टक्के काम पुढच्या ब्रेकवर करत असेल तर. प्रश्न इतकाच की ०.९ मिमी का? ब्लॉक गरजेपेक्षा जास्त वाकत होते, म्हणजे एकतर हवा कमी, नाहीतर चाकाला कुठेतरी मोकळीक.

हवा कमी असणं शक्यच नाही, असं माझं ठाम मत होतं. दर रविवारी, गाडी सुरू करण्याआधी, थंड टायरवर, पुढे २८ पीएसआय. चालवून तापल्यावर दाब चढतो, म्हणून तापलेल्या टायरची हवा काढायची नाही, हेही पाळतो. हवामानात १० अंशांचा फरक पडला की दीड पीएसआय इकडेतिकडे होतो, तेही वहीत लिहितो. इतका शिस्तीचा माणूस.

मित्राचं गेज लावलं: २४. दुसऱ्या मित्राचं लावलं: २४. माझं: २८. चार वर्षं मी अत्यंत शिस्तीने चुकीची हवा भरत होतो. ते गेज दोनदा फरशीवर पडलं होतं, एवढं आठवतं.

ढोबळ हिशेब करा. पुढच्या चाकावर १०० किलो भार धरला तर २८ पीएसआयला टायर सुमारे ५० चौरस सेंटिमीटर रस्त्यावर टेकतो. २४ ला तोच भार ५९ चौरस सेंटिमीटरवर. टायरच्या भिंतीही काही भार उचलतात, त्यामुळे आकडे तंतोतंत नाहीत, पण दिशा कळते. रस्त्याला टेकणारा पॅच मोठा म्हणजे जास्त पकड असं वाटून काही जण मुद्दाम हवा कमी ठेवतात. रस्त्यावरच्या गाडीला मला ते पटत नाही. सांगाडा जास्त वाकतो, ब्लॉक जास्त वळवळतात, टायर जास्त तापतो. हवा जास्त झाली तर मधला पट्टा आधी जातो आणि गाडी उड्या मारते, पण ती चूक निदान बुडाखाली लगेच कळते. कमी हवा गुपचूप खाते.

२३,३०० किमी

गेज नवीन घेतलं, आणि हात लागलाच आहे म्हणून कोनसेटही, म्हणजे हँडल ज्यांवर फिरतं ती बेअरिंगं, तपासला. मेन स्टँडवर गाडी, इंजिनखाली जॅक, पुढचं चाक हवेत. फोर्कचे दोन्ही पाय खालून धरून मागे-पुढे ओढले. टक्. हलकंच, पण टक्. असा आवाज ब्रेकच्या पॅडमधून किंवा फोर्कच्या बुशमधूनही येऊ शकतो, म्हणून एक बोट खालच्या टी (फोर्कचे दोन पाय जोडणारा तुकडा) आणि चौकटीच्या सांध्यावर ठेवून मित्राला हलवायला सांगितलं. हालचाल बोटाला तिथेच लागली.

ढिला कोनसेट म्हणजे प्रत्येक ब्रेकला पुढचं चाक बारीक थरथरतं. वेग ऐंशीवरून पन्नासवर उतरताना हँडल सैल धरलं की ते थरथरायचं, आणि मी ते टायरच्या माथी मारत होतो. अर्थात करवती टायरही हँडल थरथरवतो आणि थरथरीने टायर आणखी करवती होतो. कोणी कोणाला आधी बिघडवलं ते दोघांनाच ठाऊक.

हुक पान्याने नट अगदी थोडा, एक अष्टमांश फेरा, आवळला. नंतरची तपासणी आवळण्यापेक्षा महत्त्वाची: चाक हवेत असताना हँडल मधून हलकं ढकललं की ते स्वतःच्या वजनाने दोन्ही टोकांना गेलं पाहिजे. मध्येच अडून सरळ दिशेला खट्कन बसत असेल तर रेसमध्ये (बेअरिंगच्या गोळ्या फिरतात त्या कड्यांत) खड्डे पडलेत. तिथे आवळून उपयोग नाही, सेट बदलावाच लागतो. फार आवळला तर गाडी सरळ रेषेत जायला नकार देऊन डुलत चालते. माझं हँडल सरकलं.

त्याच बैठकीत चाक वर-खाली धरून बाजूला हलवलं, बेअरिंगला खेळ नाही. फोर्कला केबल टाय बांधून त्याचं टोक रिमजवळ आणलं आणि चाक फिरवलं: आऊट अर्धा मिलिमीटर. मॅन्युअलची मर्यादा २ मिमी, तेव्हा विषय संपला.

२३,६०० किमी

जुना टायर काढला. झीज दाखवणाऱ्या पट्टीपर्यंत अजून थोडा वाव होता, पण करवती झालेला टायर हवा नीट भरून परत सरळ होत नाही, आणि त्या आवाजाला मी कंटाळलो होतो.

नवीन तोच नमुना, तोच आकार, मुद्दाम. चढवल्यावर रिमलगतची बारीक रेघ दोन्ही बाजूंनी सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का ते पाहिलं. एका जागी ती आत गेली होती, म्हणजे बीड (टायरची रिममध्ये बसणारी कड) पूर्ण बसली नव्हती. हवा काढून साबणाचं पाणी लावून पुन्हा बसवली. तशीच राहिली असती तर गोल टायर अंडाकृती चालला असता आणि मी पुन्हा बॅलन्सिंगला शिव्या दिल्या असत्या. बॅलन्सिंग घरीच केलं: अ‍ॅक्सल दोन टेकूंवर, जड बाजू आपोआप खाली येते, वरच्या बाजूला १५ ग्रॅम चिकटवले.

चाक बसवताना अ‍ॅक्सलचा नट आधी, मग गाडी जॅकवरून उतरवून फोर्क चार-पाच वेळा दाबला, आणि त्यानंतरच पायाकडचा, अ‍ॅक्सलला आवळून धरणारा पिंच बोल्ट आवळला. हा क्रम चुकला की फोर्कचे पाय एकमेकांना चिमटीत धरून बसतात आणि शॉकअप अडखळतो.

२७,९०० किमी

नव्या टायरवर ४,३०० किमी. ब्लॉकच्या कडांमधला फरक ०.२ मिमी. जुन्याचं एवढ्याच अंतरावरचं माप वहीत नाही, ही माझी चूक. पण ९,००० ला ०.९ होता, त्या हिशेबाने एव्हाना निम्म्याच्या आसपास असायला हवा होता. घूं आवाज नाही, थरथर नाही. श्रेय हवेचं की कोनसेटचं, हे सांगता येणार नाही, कारण दोन्ही एकाच आठवड्यात दुरुस्त केले. शास्त्राच्या सेवेसाठी कोनसेट पुन्हा ढिला करायची माझी तयारी नाही. पैज लावायची तर मी हवेवर लावेन.

उजवी बाजू डावीपेक्षा ०.३ मिमीने जास्त गेली आहे. जाऊ दे.

मागचा टायर मात्र मध्ये चपटा व्हायला लागलाय. सरळ रस्त्याचे आणि घाईघाईने थ्रॉटल पिळल्याचे ते पैसे आहेत. वळणात शिरताना गाडी आधी अडते आणि मग त्या चपट्या भागाची कड ओलांडली की एकदम कलते. आणि परवा पुढच्या डाव्या फोर्कवर तेलाची बारीक रेघ दिसली. पुसली, दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. सील गेलंय. दोन्ही पायांचं तेल बदलून पातळी सारखी करेपर्यंत पुढची मापं मोजण्यात अर्थ नाही, म्हणून नोंदवही इथे थांबवतो. सील आलेत, हुक पानाही हाताशी आहे, फोर्कचा वरचा बोल्ट तेवढा हलत नाहीये.