टपाने सुरुवात केली

आमच्या गाडीला मॅट फिनिश द्यायला सुरुवात केली ती उन्हाने, आणि टपापासून.

1999 ची मारुती 800. लाल. बाबांनी घेतली तेव्हा तिच्या दारात बघून मी भांग पाडत असे. साताऱ्यात आमच्याकडे पोर्च नाही, त्यामुळे पंचवीस वर्षं ती उघड्यावर उभी. दारं अजून लाल, बोनेट गुलाबी, आणि टप म्हणजे खडूची कांडी. वर काही ठेवून काढलं की बाहीला गुलाल. उन्हाने रंगातलं रेझिन मोडतं आणि आतले लाल कण सुटे होऊन वर भुकटी बसते, असं त्यामागचं कारण. आईचं निदान सोपं होतं: "पोर उन्हात खेळून आल्यासारखी दिसते."

विकायचा प्रश्नच नव्हता. गाडीची पंधरा वर्षं उलटली तेव्हा बाबांनी फेरनोंदणी केली, पर्यावरण कर भरला, आणि पुढेही दर पाच वर्षांनी तो सोहळा केला. 1983 साली आलेलं हे मॉडेल 2014 च्या जानेवारीत कंपनीने बनवणं थांबवलं. बाबांनी ती बातमी वाचली आणि पेपरची घडी घालून गाडी पुसायला गेले.

रंगाची चौकशी केली. पूर्ण गाडी चकचकीत करायचे तीस हजार. तेवढ्यात जवळजवळ दुसरी मारुती येते. मग एका रात्री मोबाइलवर कळलं की जगातली श्रीमंत माणसं आपल्या गाडीची चमक जाण्यासाठी जादा पैसे मोजतात. या बिनचमकीच्या, मॅट रंगाला बीएमडब्ल्यू 'फ्रोझन' म्हणते, मर्सिडीज 'मॅग्नो'. आमच्या टपावर ते काम निम्मं झालेलं होतं, आणि फुकट. राहिली दारं. त्यांना टपाच्या पातळीवर आणायचं, एवढंच.

एवढंच नव्हतं, हे गॅरेजमधल्या पेंटरने सांगितलं. आमच्याकडे अजून त्याला 'डुकोवाला' म्हणतात. ड्युको हे ड्यूपाँ कंपनीच्या 1920 च्या दशकातल्या लॅकरचं नाव. तो लॅकर कधीच मागे पडला, शब्द मात्र आमच्या गल्लीत ठाण मांडून आहे. डुकोवाल्याने पांढऱ्या कपड्यावर थोडं पॉलिश घेऊन दार चोळलं. कपडा लाल झाला. "वर क्लिअर नाही याला दादा. सगळा रंगच आहे." क्लिअर म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर. तो नसल्याने ऊन थेट रंगालाच लागत होतं.

त्याचं म्हणणं असं की चमक ही गुळगुळीतपणाची. चकचकीत दारात ट्यूबलाइट दिसते, आणि ती वाकडी दिसली की कळतं, इथे पत्रा दबलाय. मॅटमध्ये ट्यूबलाइट दिसतच नाही. प्रकाश कुठेही पांगतो, त्यामुळे लहानसहान खड्डे झाकले जातात. ओरखडे आणि गंज मात्र झाकले जात नाहीत. "मॅट स्वस्त पडतं असं नाही. तुमचं घासणं तुम्ही केलंत तर स्वस्त पडेल." मजुरीतला मोठा हिस्सा घासण्याचा असतो. तो मी उचलला.

चार रविवार लागले. वॉटर पेपर, आधी चारशे नंबर, मग सहाशे. बादलीत बुडवायचा, लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळायचा आणि एका दिशेने हात चालवायचा. पहिल्या दहा मिनिटांत गाडीखालून लाल पाणी वाहू लागलं आणि फाटकाबाहेर पोचलं. समोरच्या काकू घाबरून आल्या, "अहो, काय कापलंत?" दाराच्या खालच्या कडेला बोटाने दाबलं तर पत्रा बिस्किटासारखा आत गेला. ती जागा डुकोवाल्याने कापली, तुकडा जोडला, लांबी (पुट्टी) भरली. ती वाळल्यावर परत घासणं. घासून घासून माझ्या बोटांवरच्या रेषा गेल्या. त्या आठवड्यात ऑफिसच्या हजेरीच्या मशीनने मला तीनदा ओळखलं नाही.

रंग लालच ठेवायचा, हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं. आरसीवर रंग लिहिलेला असतो, तो बदलला की आरटीओत नोंद करणं आलं. माझी भाची काळा मॅट सुचवत होती. बाबा म्हणाले, "काळी कशाला? कोणी गेलंय का?" विषय संपला.

लाल रंगाचे हात झाले. मग मॅट क्लिअर, म्हणजे हार्डनर घालायचं ते. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असतं आणि ते रुमालाने अडत नाही. डुकोवाल्याने तोंडाला गमछा बांधला तेव्हा मी जाऊन कार्ट्रिजचा मास्क आणला. बजेटबाहेर गेलेली ती एकमेव वस्तू. त्याने तो घातला, पण घालून पहिलं वाक्य बोलला ते मला ऐकूच आलं नाही.

ते वाक्य महत्त्वाचं होतं. "डबा तळापासून ढवळा." मॅट क्लिअरमध्ये सिलिकाची बारीक पूड असते, आणि तीच पृष्ठभाग खरखरीत ठेवते. ती तळाला बसते. मी वरवर ढवळून ओतून दिलं. टप, बोनेट आणि डावं दार पहिल्या मिश्रणातून मारलं, उजवं दुसऱ्यातून. संध्याकाळी बघतो तर डावी बाजू साबण लावल्यासारखी ओलसर चमकतेय आणि उजवी मातीच्या कुंडीसारखी कोरडी. डुकोवाल्याने मास्क काढला, डब्याच्या तळाची पांढरी साय काठीवर घेऊन मला दाखवली आणि काही बोलला नाही. डावी बाजू, बोनेट आणि टप परत घासायला मला पाचवा रविवार लागला.

आता ती मंगलोरी कौलासारखी दिसते. सकाळच्या उन्हात टप डोळ्यांवर येत नाही. पेट्रोल पंपावर पोरं विचारतात, "काका, रॅप केलंय का?" म्हणजे वरून मॅट स्टिकर चिकटवलाय का. मी हो म्हणतो.

डुकोवाल्याने जाताना बजावलं होतं: पॉलिश नाही, वॅक्स नाही, घासून पुसायचं नाही. नुसतं पाणी आणि पातळ शांपू. चोळलं की खरखर झिजते आणि तिथे चमक येते. बाबांनी मान डोलावली होती.

दोन महिन्यांनी ड्रायव्हरच्या दारावर, हँडलच्या जरा वर, तळहाताएवढा डाग दिसला. वाकून बघितलं तर त्यात माझं नाक दिसलं. रोज सकाळी इंजिन गरम होईपर्यंत बाबा तिथे उभे राहतात, एक हात टपावर, दुसऱ्या हातात जुन्या बनियनचा तुकडा.

फोटो पाठवला. डुकोवाला म्हणाला, मॅटमध्ये डागापुरतं जमत नाही, अख्खं दार मारावं लागतं. आकडाही सांगितला. मी बाबांना काही बोललो नाही, बनियनचा तुकडा तेवढा धुण्याच्या बादलीत टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातून हाक आली, "अरे, माझं फडकं कुठंय?"

कपाटातून दुसरी बनियन काढून दिली.