तुम्ही विचारलंत म्हणून : इंडोनेशियन भाषेतला ‘गागाप’

इंडोनेशियन शिकणारे हमखास विचारतात: तोतरं बोलण्याला तिकडे ‘गागाप’ का म्हणतात, आणि तो कुणाबद्दल वापरला तर चालतो का?

आधी उच्चार नीट करा. दोन्ही ‘आ’ आखूड. शेवटच्या ‘प’ला ओठ मिटायचे आणि तसेच ठेवायचे, हवा सोडायची नाही. असं म्हटलं की शब्दाची घडण कानाला कळते: ‘गा’ निघतो, लगेच पुन्हा निघतो आणि ओठांशी अडतो. तोतरेपणातही अक्षर परत परत येतं, नाहीतर आवाज अडतो. मलेशियातल्या मलय भाषेतही हाच शब्द, हाच अर्थ. जावा बेटावरच्या जावानीज भाषेत मात्र त्याच अक्षरांचं ‘ङ्गागापी’ म्हणजे हाताने चाचपणं. अर्थ जवळचे वाटतात, पण तेवढ्यावरून व्युत्पत्ती जुळवू नये.

शिकणाऱ्यांची खरी चूक होते ती व्याकरणात. ‘दिया गागाप’ म्हणजे तो तोतरा आहे. ‘गागाप’ विशेषण आहे, वेगळं क्रियापद लागत नाही. ‘तर्गागाप’ म्हटलं की अर्थ बदलतो. ‘तर्’ हा उपसर्ग आपसूक, नकळत घडलेलं दाखवतो. ‘तर्तिदुर’ म्हणजे न ठरवता डोळा लागणं, तसंच हे. अचानक प्रश्न आला आणि एरवी घडाघडा बोलणारा माणूस अडखळला, तर तो ‘तर्गागाप’. दोन्हींत गल्लत केलीत तर क्षणभर गडबडलेल्या माणसाला तुम्ही कायमचं तोतरं ठरवता.

जवळचे शब्दही वेगळे ठेवा. ‘गुगुप’ म्हणजे बावरलेला. ‘चादेल’ म्हणजे ‘र’ नीट न उच्चारणारा. ‘पेलो’ म्हणजे जीभ जड होऊन बोलणं अस्पष्ट होणारा, पक्षाघातानंतर होतं तसं. ‘गागू’ मुक्या माणसाला म्हणतात.

‘गापतेक’ रोज कानावर पडेल: ‘गागाप’चा शेवट आणि ‘तेक्नोलोगी’ची सुरुवात जोडून केलेला शब्द, मोबाईल-कॉम्प्युटर न जमणाऱ्यासाठी. सगळेच सहज वापरतात, पण मला तो खटकतो. तोतरेपणाचा अकलेशी किंवा कौशल्याशी काहीही संबंध नाही, आणि इथे तो अडाणीपणाच्या अर्थाने येतो.

नावामागे ‘गागाप’ लावायची पद्धतही आहे. विनोदी नट अझीझ गागाप त्याच नावाने ओळखले जातात. ते त्यांचं रंगमंचावरचं नाव. तुम्ही मात्र ओळखीच्या माणसाला ‘सी गागाप’ (म्हणजे ‘तो तोतऱ्या’) म्हणू नका, त्यात चिडवणं आहे. ‘ओरांग यांग गागाप’, म्हणजे तोतरं बोलणारी व्यक्ती, असं म्हणा.