तुम्ही विचारलंत म्हणून: काळ्या कुत्रीचे फोटो

सकाळी टेकडीवर फिरायला गेलं की आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी थांबवतंच. "तुमच्या शाईचे फोटो इतके छान कसे येतात हो? आमचा ब्रूनो नुसता काळा डाग दिसतो. कॅमेरा कुठला?" कॅमेरा कसला, कोपऱ्यात तडा गेलेला चार वर्षं जुना फोन आहे. पण हे सांगितलं की समोरच्याला वाटतं, बाई काहीतरी लपवतेय. म्हणून एकदा नीट लिहूनच टाकते.

शाई गावठी आहे, नखशिखांत काळी. छातीवर औषधालाही पांढरा केस नाही. ती आली त्या वर्षीचे माझे फोटो म्हणजे अंधारातून लोंबणारी एक गुलाबी जीभ. मी तिला भर उन्हात बसवायची. काळी आहे, मग उजेड जास्त लागणार, असा माझा साधा हिशेब. तो साफ चुकला.

काळा रंग अंगावर पडलेला बहुतेक उजेड गिळून टाकतो. परत येतो तो केसांच्या तकाकीवरून, पॉलिश केलेल्या बुटावरून यावा तसा. म्हणजे काळ्या कुत्र्याचा फोटो काढताना आपण त्याच्या अंगावर उमटलेलं आजूबाजूचं प्रतिबिंबच टिपत असतो. उन्हात हे प्रतिबिंब कशाचं? सूर्याचं, म्हणजे आभाळातल्या एका टिकलीएवढ्या दिव्याचं. मग पाठीवर एक पांढरी रेघ चमकते आणि बाकीचा कोळसा. तीच शाई सावलीत, पण मोकळ्या आभाळाकडे तोंड करून बसली, की आभाळभर पसरलेला उजेड तिच्या कपाळावरून, गालावरून, कानाच्या कडेवरून अलगद उतरतो आणि केस न् केस सुटा दिसायला लागतो.

हे मला कळलं आमच्या पार्किंगच्या तोंडाशी. ती उन्हाला कंटाळून स्वतःच तिथे जाऊन बसली होती, श्रेय तिचंच. डोक्यावर स्लॅब, समोर मोकळं अंगण, अंगणात तापलेली शहाबादी फरशी. वरचा उजेड स्लॅबने अडवलेला, समोरून आभाळाचा येणारा, आणि फरशीवरून उसळून हनुवटीखाली जाणारा. गावाकडच्या पडवीत नेमकं हेच होतं. उन्हाच्या रेषेपासून दोन हात आत, एवढंच लक्षात ठेवा. फार आत गेलात तर पुन्हा डाग. आणि झाडाखालची सावली सावली म्हणून धरू नका. पानांतून पडणाऱ्या कवडशांनी शाईचं पार चितळ होतं.

डोळ्यांचंही तसंच. काळ्या चेहऱ्यात गडद डोळे, त्यात उजेडाचा ठिपका नसेल तर चेहरा मातीचा वाटतो. पार्किंगच्या तोंडाशी डोळ्यांत अख्खं आभाळ उतरतं. एका फोटोत मी मोठं करून पाहिलं तर बुबुळात उकिडवी बसलेली मी आणि मागे वाळत घातलेल्या चादरी, सगळं जागच्या जागी होतं. फ्लॅशचा ठिपका मात्र नको. कुत्र्यामांजरांच्या, गाईम्हशींच्या डोळ्यांत मागच्या बाजूला उजेड परतवणारा थर असतो. रात्री गाडीच्या दिव्यात रस्त्याकडेची म्हैस हिरवे दिवे लावून बघते ती त्यामुळेच. घरच्या कुत्रीला तसं कशाला करायचं?

वेळेबद्दलही विचारतात. परदेशी व्हिडिओंमध्ये सूर्यास्ताआधीच्या सोनेरी तासाचं फार कौतुक असतं. आपल्याकडे सूर्य बराचसा सरळ खाली उतरतो, त्यामुळे तो तास जेमतेम अर्ध्या तासात आटोपतो. पट्टा सोडवून जागा शोधेपर्यंत संपलेला असतो. त्या वेळी सूर्य कुत्र्याच्या मागे, जरा बाजूला ठेवा आणि पलीकडे टेकडीची काळोखी येऊ द्या. कानांना सोन्याची कड लागते. दुपार मात्र सोडाच. पुण्यात मेच्या मध्यावर साडेबाराच्या सुमाराला सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली लपते आणि डोळ्यांच्या जागी दोन खड्डे दिसतात. शिवाय डांबरावर पंजे भाजतात. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसलं नाही तर त्यालाही सोसणार नाही, फोटो गेला खड्ड्यात.

आता फोनची एक खोड. त्याला वाटतं, समोरचं जग सरासरी राखाडीच असणार. म्हणून पांढऱ्या कुत्र्याला तो मळकट करतो आणि चौकटभर काळं दिसलं की उजेड वाढवून त्याची राख करतो. मी शाईच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरते, फोकस आणि उजेड तिथेच कुलूपबंद होतात, मग बोट किंचित खाली ओढते. काळ्याला आणखी काळं करायचं हे पटायला मला वर्ष लागलं. पांढऱ्यासाठी उलट, किंचित वर.

पावसाळ्यात यातलं निम्मं करावंच लागत नाही. ढगांनी भरलेलं आभाळ म्हणजे फुकटात ताणलेलं पांढरं धोतर, कुठेही बसवा. उजेड कमी असल्याने पळतं कुत्रं पुसट येतं, एवढीच अडचण. पळताना थिजवायचं तर सेकंदाचा हजारावा भाग लागतो आणि ढगाळ दिवशी माझ्या फोनला ते झेपत नाही. म्हणून बसवते, खिशात शेंगदाणे असतात.

गेल्या आषाढात शेजारच्या काकूंनी हट्ट धरला, शाईचा आणि त्यांच्या पांढऱ्याशुभ्र बर्फीचा एकत्र फोटो हवा. हा सगळ्यात अवघड पेपर. उन्हात एक तरी जळते, नाहीतर दुसरी बुडते. पाऊस उघडलेल्या एका सकाळी दोघींना जिन्याच्या पायरीवर चिकटून बसवलं आणि उजेड बर्फीच्या चेहऱ्यावर कुलूपबंद केला. जळून गेलेलं पांढरं परत आणता येत नाही, बुडालेलं काळं नंतर थोडंफार वर काढता येतं. पंचवीस-तीस फोटोंत एक जमला. तो काकूंच्या दिवाणखान्यात आहे. बर्फीने डोळे मिटलेत त्यात. शाईच्या डाव्या गालावर एक पांढुरका पट्टा दिसतो, त्याला काकू म्हातारपण समजतात. ती बर्फी आहे.