नववी ब मुळं बदललेला श्रीलंकेचा प्लॅन

दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस बसून बनवलेली एक्सेल शीट मागच्या आठवड्यात डिलीट केली. सायकलवर १४०० किलोमीटर, २२ दिवस, रोजचा मुक्काम, रोजचं जेवण, अगदी कुठल्या दिवशी कपडे धुवायचे ते पण लिहिलेलं. कोलंबोहून खाली गॉलचा किल्ला, मिरिसाचा बीच, तिथून वर रत्नपुरा, मग चहाचे मळे, असा सगळा इन्स्टाग्रामवर लोकं टाकतात तो श्रीलंका. आणि हे सगळं घालवलं कुणी तर नववी ब च्या एका पोरानं.

मी साताऱ्यात हायस्कूलला भूगोल शिकवतो. आता भूगोलाच्या मास्तरनं सायकलवर दुसरा देश बघायला जायचं म्हणल्यावर थोडा शायनिंग मारणारच की, म्हणून ऑफ तासाला नकाशा लावून पोरांना रूट दाखवत होतो. श्रीलंका केवढा, तर आपल्या महाराष्ट्राचा साधारण पाचवा हिस्सा, ६५ हजार चौरस किलोमीटरच्या वर थोडा. पण एवढ्याशा जागेत समुद्रकिनारा, अडीच हजार मीटरचा डोंगर, दाट जंगल, कोरडं माळरान, सगळं. पोरं पण ऐकत होती, म्हणजे निदान मोबाईल तरी बघत नव्हती. मग मागच्या बाकावरून एकजण म्हणला, "सर, मे महिन्यात जाणार ना? तिकडं पाऊस आपल्या आधी येत असंल की."

मी गप्प. आख्खा वर्ग गप्प. कारण पंधराच दिवसांपूर्वी याच पोरांना वृष्टीचा धडा शिकवलेला, प्रतिरोध पर्जन्य, पर्जन्यछाया, म्हणजे डोंगर ढग अडवतो, अलीकडं धो धो पाऊस आणि पलीकडं कोरडं, उदाहरण म्हणून आपलाच जिल्हा. महाबळेश्वरला वर्षाला ६००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि सव्वाशे किलोमीटरवर म्हसवडला जेमतेम ५००. फळ्यावर डोंगर काढला, बाण काढले, सगळं केलं. आणि स्वतःचा प्लॅन बनवताना नैऋत्य मान्सून ज्या कोपऱ्यावर पहिला धडकतो त्याच कोपऱ्यात मे महिन्याचे दोन आठवडे घालवायचं ठरवलं! वा सर.

घरी येऊन नीट बसलो मग. श्रीलंकेची गंमत अशी की तिथं दोन मान्सून आहेत. मे ते सप्टेंबर नैऋत्येचा, तो कोलंबो, गॉल, रत्नपुरा आणि डोंगराचा पश्चिम उतार भिजवतो, तिथं काही ठिकाणी वर्षाला ५००० मिलिमीटरपर्यंत पडतो. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा, तो पूर्व किनारा आणि उत्तर भिजवतो. म्हणजे एका बाजूला छत्र्या उघडल्या की दुसऱ्या बाजूला ऊन. लोकं फेब्रुवारी-मार्चमध्ये जातात कारण तेव्हा पश्चिम, दक्षिण आणि डोंगर चांगले असतात, पण फेब्रुवारीत मला रजा कोण देणार, दहावीच्या परीक्षा तोंडावर. आपल्याला सुट्टी म्हणजे १ मे ला निकाल लावला की पुढं. (त्यात पण मध्येच कुठली ड्युटी लागली नाही तर. मास्तर लोकांना कळलं असेल मी काय म्हणतोय ते.)

मग प्लॅन उलटा केला. गॉल रद्द, मिरिसा रद्द, जीव तुटला पण रद्द. मेच्या पहिल्याच आठवड्यात, खरा मान्सून यायच्या आत, डोंगर उरकायचा आणि मग डोंगराच्या पलीकडं पूर्वेला उतरायचं, म्हणजे त्यांच्या म्हसवडच्या बाजूला. विमानतळ कोलंबोच्या उत्तरेला आहे, निगोंबो शेजारीच, त्यामुळं कोलंबोच्या ट्रॅफिकमध्ये शिरायचंच नाही. निगोंबो, कुरुनेगला, कँडी, नुवारा एलिया, एल्ला, तिथून खाली वेल्लवाया, मोनरागला, पोत्तुविल, मग किनाऱ्यानं वर बट्टिकलोआ, त्रिंकोमाली, आणि शेवटी अनुराधपुरा, पुत्तलम करून परत निगोंबो. ९०० किलोमीटरच्या आसपास होतात. पाचशे किलोमीटर कमी झाले तर सुरुवातीला वाईट वाटलं, पण आमचे गणिताचे सर जे बरोबर येणार आहेत ते म्हणाले, "सर, १४०० चा प्लॅन तुमच्या वयाला नव्हताच." ते माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे आहेत हे इथं नोंदवून ठेवतो.

चढाचा हिशोब करायला आम्ही आमचं माप काढलंय. एक कास. साताऱ्यातून यवतेश्वर घाटानं कास पठारावर गेलं की साधारण ५०० मीटर उंची मिळते, आणि ती पायांना पाठ आहे, कुठल्या वळणाला दम लागतो, कुठं सपाट येतं, सगळं. तर कँडी आहे ५०० मीटरच्या आसपास आणि नुवारा एलिया १८६८ मीटरवर. अंतर ७५ ते ८० किलोमीटर. म्हणजे पावणेतीन कास, तेही सामान लादून. एका दिवसात करायचं खूळ आधीच्या शीटमध्ये होतं. आता रंबोडाच्या आसपास मुक्काम टाकून दोन दिवस केलेत. शिवाय त्या दिवसांत डोंगरात दुपारनंतर ढग भरून येऊन पाऊस होतो, आरोह पर्जन्य, (हो, आता प्रत्येक गोष्टीला धड्याचं नाव देतोय) त्यामुळं सकाळी सहाला निघायचं आणि बाराच्या आत छपराखाली.

नुवारा एलिया म्हणजे त्यांचं महाबळेश्वर समजा, इंग्रजांनी थंड हवेसाठी वसवलेलं, रेसकोर्स, बंगले, आणि चक्क स्ट्रॉबेरी पण. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "मग एवढं विमानानं कशाला जायचं, पाचगणीला जा की." उत्तर नव्हतं.

मला स्वतःला ओढ आहे ती मात्र एल्लाच्या पुढची. एल्ला हजार मीटरच्या थोडं वर आणि वेल्लवाया दोनशेच्या आत, मध्ये २५-३० किलोमीटर नुसता उतार, वाटेत रस्त्याला लागूनच रावणाचा धबधबा. आणि त्या एका उतारात चहाचे मळे, गारवा, धुकं सगळं मागं राहतं आणि कोरडा, गरम प्रदेश चालू होतो. पसरणी घाट उतरून वाईत न थांबता थेट माणदेशात पोचावं तसं. ब्रेक पॅडचे दोन जादा जोड घेतलेत फक्त या उतारासाठी.

त्यानंतर हत्ती. मोनरागलाकडून पोत्तुविलला जाणारा रस्ता लाहुगलाच्या जंगलातून जातो आणि तिथं रानटी हत्ती रस्त्यावर येतात. त्यामुळं त्या पट्ट्यात नियम एकच, उजाडल्याशिवाय निघायचं नाही आणि दिवस मावळायच्या खूप आधी मुक्कामी. हत्ती दिसला तर लांब थांबायचं, एखादी बस किंवा ट्रक येईल त्याच्या आडोशानं पुढं सरकायचं. याच कारणानं तंबू पण घरी ठेवला, गेस्ट हाऊस सगळीकडं मिळतात, आणि वजन पण वाचलं.

वजनावरून आठवलं. सामानासकट सायकल कशी चालते बघायला मागच्या रविवारी ट्रायल घेतली. पॅनियर मध्ये, म्हणजे कॅरियरच्या दोन्ही बाजूंना हुकनं अडकवायच्या बॅगांमध्ये, भरायला काय, तर घरातली ज्वारी, दोन्ही बाजूला सहा-सहा किलो, पिशव्यांत भरून. पोवई नाक्यापर्यंत झकास. यवतेश्वराच्या घाटात मात्र प्रत्येक पेडलला टाच मागं पॅनियरला घासायला लागली, म्हणून पॅनियर जरा मागं सरकवला, हुक नीट बसला नाही, आणि एका खड्ड्यात डावा पॅनियर सुटून रस्त्यावर. पिशवी फाटली. पुढच्या अर्ध्या मिनिटात कठड्यावरची माकडं खाली, मी आणि सर बाजूला उभे, गाड्यावाले काच खाली करून फोटो काढतायत. एका बाजूला सहा किलो आणि दुसऱ्या बाजूला काही नाही अशी सायकल उतारावर कशी ओढते ते पण त्याच दिवशी कळलं. घरी आल्यावर ही म्हणाली, "अहो, ती ज्वारी गिरणीत न्यायची होती, माकडांना नाही."

पण ट्रायलचा फायदा झाला. कॅरियरच्या बोल्टना लॉकटाइट (आटे ढिले होऊ नयेत म्हणून लावतात तो गोंद) लावलं, हुकांना वरून रबरी दोरी, आणि एकूण सामान बारा किलोवरून आठवर आणायचं ठरलं. जीन्स नाही, दुसरे बूट नाहीत. मागची कॅसेट, म्हणजे गिअरच्या चकत्यांचा जुडगा, ११ ते ३४ दातांची आणि पुढं सगळ्यात छोटी चकती २६ दातांची, तिच्यावाचून पावणेतीन कास जमणार नाही. ट्यूब मोटरसायकलसारख्या जाड व्हॉल्वच्या, कारण त्या कुठल्याही पंक्चरवाल्याकडं भरता येतात, पातळ व्हॉल्वची फॅशन शहरात ठीक आहे. सायकल विमानात न्यायला दुकानातून नवीन सायकलचा रिकामा खोका मागून आणलाय. पेडल काढताना एक लक्षात ठेवा, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, मी ते विसरून पान्यावर उभा राहिलो होतो, पान्याचं नशीब. टायरची हवा कमी, पॉवर बँक हातातल्या बॅगेत. व्हिसाचं ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची आगाऊ परवानगी, असतं, ३० दिवसांचं, ते काही अवघड नाही, त्यापेक्षा शाळेची ना हरकत मिळवायला जास्त कागद लागले.

उन्हाची तयारी एप्रिलमध्ये करणार, साताऱ्याहून पुसेगाव, दहिवडी, म्हसवड, दुपारी. तिकडं पूर्वेला त्या दिवसांत डोंगर उतरून आलेला कोरडा गरम वारा सुटतो, तमिळ लोकं त्याला कच्चान म्हणतात. पाऊस डोंगरानं अडवला आणि वारा तेवढा खाली आला, परत तोच फळा आणि तेच बाण. पण हा वारा नैऋत्येकडून येतो आणि आम्ही किनाऱ्यानं उत्तरेला जाणार, म्हणजे तो डाव्या खांद्यामागून ढकलणार. पोत्तुविल ते बट्टिकलोआ शंभराच्या वर आणि तिथून त्रिंकोमाली १३५, सपाट, दोन-तीन बऱ्यापैकी सोपे दिवस. त्रिंकोमालीला कोनेश्वराचं दर्शन, आणि त्या शहराजवळ महावेली नदी समुद्राला मिळते, तीच जी आधी कँडीत भेटलेली असेल. ती बंगालच्या उपसागरात जाते. आमच्या महाबळेश्वरातून निघालेली कृष्णा पण तिकडंच जाते. हे मी सरांना फार कौतुकानं सांगितलं, ते म्हणाले वाऱ्याचं बोला.

कारण वाऱ्याचा घोळ पुढंच आहे. त्रिंकोमालीहून अनुराधपुरा, पुत्तलम, निगोंबो, हे पावणेतीनशे किलोमीटर पश्चिमेला आणि दक्षिणेला, म्हणजे तोच वारा आता थेट तोंडावर. मला अनुराधपुरा सोडायचं नाही, दोन हजार वर्षांपूर्वीचे तलाव आहेत तिथं, ते लोकं वेवा म्हणतात, कोरड्या मुलखात पाणी कसं साठवायचं ते बघायला माणदेशाच्या शेजारच्या मास्तरनं नाही जायचं तर कुणी. वारा पहाटे पडलेला असतो म्हणून मी म्हणलं चारला निघू. सर म्हणाले, "त्या रस्त्याला पण हत्ती आहेत. चारला निघायचं नाही हे तुम्हीच शीटमध्ये लाल अक्षरात लिहिलंय." वारा म्हणतो पहाटे निघा, हत्ती म्हणतात उजाडल्यावर. तीन संध्याकाळी यावर भांडलोय, राजवाड्यावर, भेळ खात. सरांचं म्हणणं सरळ बस पकडू.

मी अजून नाही म्हणतोय. पण सामानाच्या यादीत काल रात्री गुपचूप दहा मीटर नायलॉनची दोरी वाढवली, बसमध्ये सायकली बांधायला.