पिर्त्समधली दुपार

सिगुल्दाजवळच्या एका शेतघरात आज 'पिर्त्स', म्हणजे लात्वियाचे पारंपरिक बाष्पस्नान घेतले आणि चार तास कसे सरले ते कळलेच नाही. बुटक्या लाकडी खोलीत तापमान साधारण ६५ अंश होते; तापलेल्या दगडांवर पळीभर पाणी पडले की उठणारी वाफ आधी कानांच्या पाळ्यांना चटका देते, म्हणूनच डोक्यावर जाड लोकरी टोपी घालायला देतात. विधी करणाऱ्या बाईंनी बर्च आणि ओकच्या भिजवलेल्या डहाळ्यांच्या जुड्या आधी अंगावरून नुसत्या हलवून वाफ खाली ओढली, मग तळपायांपासून खांद्यांपर्यंत हलक्या थापा दिल्या. (झोडपून काढतात, ही माझी समजूत निव्वळ ऐकीव निघाली.) मध आणि मीठ चोळून झाल्यावर बाहेरच्या तळ्यात उतरायचे होते, तिथे मात्र मी पायरीवर बराच वेळ घुटमळलो. पूर्वी इथल्या बायका बाळंत होत त्या पिर्त्समध्येच, असे बाईंनी चहा ओतताना सांगितले, तेव्हा मला आमच्या घरच्या बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी आणि ओव्याची धुरी आठवली. खोलीवर परतलो तेव्हा मानेला बर्चचे एक ओले पान अजून चिकटलेले होते.